चारी सिलिंडर एकसारखे

मला रागीट म्हणतात ते खोटं नाही. चौतीस वर्षं मी ऑइल इंजिनाच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. तिथं दहा-बारा इंजिनं एकदम धडधडायची आणि शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागायचं. रिटायर झाल्यावर इंजिनं सुटली, ओरडणं राहिलं. बायको म्हणते, "अवो, मी हितंच हाय, पंचगंगेच्या पल्याड न्हाय." पण आवाजाचं काय, तो सगळ्यांनी सहन केला. मी इथं लिहितोय ते वेगळंच. मी एका माणसाला चारचौघांत चोर ठरवलं, आणि तो माणूस माझा लहानपणापासूनचा दोस्त.

आम्ही दोघं शिवाजी पेठेतले. एकाच तालमीकडून फुटबॉल खेळलो. तो गोलकीपर, मी बॅक. बॅकनं मागं वळून बघायचं नसतं, मागं गोलकीपर आहे म्हणजे आहे. पुढं तो पाटबंधारे खात्यात लागला, मी कारखान्यात. रिटायर एकाच वर्षी झालो. तेव्हापासून रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायचं, समोर पिळलेलं म्हशीचं एकेक ग्लास दूध उभ्यानं प्यायचं आणि रेफरीपासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून घरी यायचं, हा नेम.

गल्लीत मला सगळे मिस्त्री म्हणतात. आमच्याकडं एक पद्धतच पडून गेली आहे. कुणी जुनी गाडी घ्यायला काढली की ती आधी माझ्या दारात येते. मी प्लग काढतो, त्या भोकात कॉम्प्रेशन गेज बसवतो आणि इंजिन फिरवतो. पिस्टन वर येताना आतली हवा किती जोरानं दाबतो ते गेजवर पाउंडात दिसतं. तो इंजिनाचा दम. रंग, सीटा, टायर सगळं नवीन घालता येतं, दम तेवढा घालता येत नाही. मी "घ्या" म्हणालो तर नारळ फुटतो. "न्हाय" म्हणालो तर गाडी आली तशी माघारी. माझ्यानंतर दुसऱ्या कुणाला विचारायला गेलाय असा माणूस पेठेत सापडायचा नाही. याचा मला माज होता. आता कबूल करायला हरकत नाही, माजच होता.

माझी मुलगी इचलकरंजीला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. शिफ्टची नोकरी. रोज स्कूटरवर जाते-येते आणि त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, सुताचे ट्रक, सगळं. गेल्या वर्षी एका ट्रॉलीनं दाबली म्हणून ती खडीत गेली आणि मनगट मोडून घरी आली. प्लॅस्टर निघाल्यावर परत स्कूटरवर. मी ओरडलो, तिची आई रडली, तिनं दोघांचं ऐकून घेतलं आणि हेल्मेट घातलं.

दोस्तानं तिचं ते प्लॅस्टर बघितलं होतं. त्याच्या मुलानं पुण्यात असताना हायब्रिड गाडी घेतली होती, पेट्रोलवर आणि बॅटरीवर, दोन्हीवर चालणारी. मुलगा जर्मनीला गेला आणि गाडी बापाच्या दारात लावून गेला, "बाबा, तुम्ही वापरा." दोस्ताला फुटबॉलच्या मैदानापलीकडं जायचं नसतं. एके दिवशी कट्ट्यावर तो म्हणाला, "मिस्त्री, गाडी पोरीला दे. तिला जमंल तसं दिऊ दे पैसं. न्हाय जमलं तरी गाडी काय उपाशी मरत न्हाय."

मला बरं वाटलं. मी म्हणालो, "रविवारी घिऊन ये, बघतो."

तर तो म्हणाला, "बघायचं काय त्यात? कंपनीत दावलीया. हे बघ, सगळं ओके हाय म्हणून कागद दिलाय." आणि त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला.

माझं डोकं तिथंच फिरलं. उभ्या पेठेची गाडी मी बघायची आणि माझ्याच पोरीच्या गाडीला ह्यानं मला कंपनीचा कागद दाखवायचा? मी तो कागद वाचलासुद्धा नाही. म्हणालो, "कागद ठेव खिशात. रविवारी गाडी आण."

"मिस्त्री, त्यात केशरी वायरी हायत. लई करंट असतोय म्हणं त्यात. तू कशाला हात घालतोस?"

"चौतीस वर्षं काय मी भजी तळली?"

रविवारी सकाळी गाडी दारात उभी होती.

त्या गाडीनं मला पहिल्या मिनिटापासून छळलं. बॉनेट उघडलं तर आत इंजिन नाहीच, प्लॅस्टिकचं झाकण. ते काढलं तर प्लग मागं काचेखाली दडलेले. वायपर काढा, त्याखालची पाटी काढा, मग पाठ मोडून हात घाला. बरं, प्लग काढायच्या आधी इंजिन गरम पाहिजे. तर हे इंजिन चालूच राहीना. बटण दाबलं की दिवे लागतात आणि गाडी मुकी बसते. इंजिनाला वाटलं तर ते सुरू होणार, वाटलं तर बंद होणार. मी मोबाइलवर व्हिडिओ शोधला. त्यातला माणूस सांगतो, बटण दाबा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबा, न्यूट्रलला टाका, परत दोनदा दाबा, पार्किंगला आणा, परत दोनदा. गाडी तपासायची आहे की देवाला कौल लावायचाय? तीनदा चुकलं. चौथ्यांदा लागलं. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "आता नारळ ठेवायचा ऱ्हायलाय फकस्त."

गल्लीतले पाच-सहाजण जमले होतेच. आमच्याकडं कुणाचं बॉनेट उघडं दिसलं की माणसं आपोआप जमतात. दोस्ताला मी खुर्ची दिली होती. तो बसून एकच सांगत होता, "त्या केशरीला हात लावू नकोस रे." मी रबरी हातमोजे घातले होते, त्या वायरींच्या वाटेलाही गेलो नव्हतो, पण प्रत्येक वेळी तो बोलला की माझी तिडीक वाढत होती.

इंजिन गरम झालं. बंद केलं, पेट्रोलचा फ्यूज काढला, चारी प्लग काढले, हवा आत जायची वाट उघडी राहावी म्हणून तिथली पाकळी लाकडाची चिपाटी लावून उघडी धरली. म्हणजे रीतसर, एकही पायरी चुकवली नाही. पहिल्या सिलिंडरला गेज लावला आणि बायकोला बटण दाबायला सांगितलं. ह्या गाडीला स्टार्टर नाही, आतली मोठी मोटरच इंजिन फिरवते. गेजचा काटा चढला आणि एकशे पंचवीसला थांबला.

पेट्रोल इंजिन धडधाकट असलं तर एकशे सत्तर, एकशे ऐंशी दाखवतं. एकशे पंचवीस म्हणजे धापा टाकणारा म्हातारा. दुसरा लावला, एकशे तेवीस. तिसरा, एकशे सव्वीस. चौथा, एकशे चोवीस.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. कारखान्यात नवीन पोरं आली की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगायचो, एक सिलिंडर कमी आला तर इंजिन बघा, चारी एकसारखे कमी आले तर आधी स्वतःकडं बघा. चार भाऊ एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. तुमचा गेज खराब असंल, तुमची रीत चुकली असंल, न्हायतर त्या इंजिनाचं तुम्हाला कायतरी ठाऊक नसंल. हे वाक्य माझं. आणि त्या दिवशी ते मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण मला तो आकडा पाहिजेच होता. कट्ट्यावर तोंडापुढं धरलेला कागद खोटा पाडायचा होता मला. ही गोष्ट मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही.

मी गेज दोस्ताच्या तोंडापुढं धरला. अगदी त्यानं कागद धरला होता तसाच.

"हे बघ. मेलंय इंजिन. चारी गेल्यात."

तो उठला. "असं कसं? गाडी तर झ्याक चालतीया."

"बॅटरीवर चालतीया. मढ्याला खांद्यावर घेतलं की तेबी चालतंय."

"परत एकदा बघ की मर्दा. कायतरी चुकलं असंल."

"माझं?" मी म्हणालो. मग माझा आवाज चढला तो पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. "माझं चुकलं असंल? तू कंपनीचा कागद दावून मेलेलं इंजिन माझ्या पोरीच्या गळ्यात मारायला निघालास, आणि चुकलं माझं? म्हणून नको म्हणत होतास व्हय बघायला? पोराला तिकडं पैसं पाठवायचं असतील तर सरळ मागायचंस. दोस्तीत डाव का साधतोस?"

शेजारचे एक काका म्हणाले, "मिस्त्री, दमानं." दोस्त माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता बघत होता. मग म्हणाला, "प्लग बसवून दे."

मी बसवून दिले. तासभर लागला. तो तासभर उन्हात उभा होता, खुर्चीवर परत बसला नाही. मग गाडीत बसला आणि गाडी आवाज न करता गल्लीतून निघून गेली. माझ्या दारातून गाडी जाताना मी कानानं तिला पोचवतो, चौतीस वर्षांची सवय. ह्या गाडीनं तेवढंही करू दिलं नाही.

संध्याकाळी मुलगी ड्यूटीवरून आली. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, मला गाडी पाहिजे होती. तुमचा निकाल नको होता." मी तिच्यावरही ओरडलो. ती आत निघून गेली.

त्यानंतर तीन महिने मी दूध कट्ट्यावर गेलो नाही. मॅच असली की मी मैदानाच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. लोकांनी मला विचारलं तर मी छाती काढून सांगायचो, असं असं केलं त्यानं. पुढं कळलं की त्यानं गाडी विकून टाकली, मातीमोलानं. मी बायकोला म्हणालो, "बघ. चांगली असती तर विकली असती का तशी?" बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "त्यो मानूस तसा न्हाय." मी म्हणालो, "गेज खोटं बोलत न्हाई." तिनं भाकरी तव्यात टाकली.

मग एक दिवस गडहिंग्लजकडचा एक माणूस दारात आला. कुणीतरी माझा पत्ता दिला होता. त्याची गाडी त्याच मॉडेलची. "पावणं, प्लग बदलायचं हाईत. तुम्हाला ह्या गाडीचं जमतंय म्हणं." भाड्याची गाडी होती, आज गोवा, उद्या पुणे. दोस्ताच्या गाडीच्या तिप्पट पळलेली. मी विचारलं, "ओढती काय?" तो म्हणाला, "आंबोलीचा घाट हसत चढती. पेट्रोलचा तर नुसता वास घेती."

प्लग काढलेच होते म्हणून मी गेज लावला. उगाच, हाताला सवय म्हणून.

एकशे चोवीस. एकशे तेवीस. एकशे चोवीस. एकशे बावीस.

मी गेज काढला, झटकला, परत लावला. तेच. त्या माणसाला म्हणालो, चहा घ्या, आणि शेजाऱ्याची साधी पेट्रोल गाडी दारात आणायला लावली. तिला गेज लावला. एकशे पंचाहत्तर. म्हणजे गेज खरा होता. मी ओट्यावर बसलो. हाताला ऑइल होतं ते तसंच कपाळाला लागलं.

त्या दिवशी मुलगी घरी होती. मी तिला म्हणालो, "ह्या इंजिनाचा दम किती असतो, बघ जरा मोबाइलवर." तिनं शोधलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्या इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटतो. पिस्टन वर यायला लागला तरी तो थोडा उघडाच असतो आणि थोडी हवा आल्या वाटेनं परत जाते. त्यानं पेट्रोल वाचतं. त्यामुळं गेजवर आकडा कमीच येणार. नव्या इंजिनालाही एकशे तीसच्या आसपास. वाचून झाल्यावर तिनं मोबाइल खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी ओरडलो असतो, हे तिला माहीत होतं.

मी त्या गडहिंग्लजच्या माणसाचे प्लग बसवले. पैसे घेतले नाहीत. तो म्हणत राहिला, "अवो पावणं, घ्या की," आणि मी त्याच्यावरही खेकसलो. माणूस स्वतःवर चिडला की जवळ असेल त्याच्यावर ओढतो. मग हातपाय धुतले आणि शर्ट बदलून दोस्ताच्या घरी निघालो. वाटेत मी त्या गाडीला शिव्या दिल्या, ती बनवणाऱ्याला दिल्या, व्हॉल्व्ह उशिरा मिटवायची अक्कल ज्याला सुचली त्याला दिल्या. त्याच्या घराच्या पायरीवर आलो तेव्हा शिव्या संपल्या होत्या आणि आत जायचं तेवढं उरलं होतं.

दार वहिनींनी उघडलं. एरवी "या भाऊजी" म्हणतात. त्या दिवशी नुसत्या बाजूला झाल्या. तो पुढच्या सोप्यात पाटावर बसून सुपात शेंगा फोडत होता. चष्मा नाकावर. माझ्याकडं बघितलं आणि परत शेंगांकडं.

मी उभ्यानंच सांगितलं. म्हणालो, "गाडी चांगली होती. त्या इंजिनाला तेवढाच आकडा येतो. मला ठाऊक नव्हतं. माझं चुकलं." आयुष्यात हे शेवटचं वाक्य मी कधी म्हणालो होतो, मला आठवत नाही.

शेंग फुटल्याचा आवाज आला तेवढा. मला वाटलं, शिव्या घालेल, घालू दे. मीच म्हणालो, "मी तोंड सोडलं, तवा तू कागद का न्हाईस काढला? खिशात होता की तुझ्या. कंपनीनं ओके म्हटलंतं."

त्यानं वर बघितलं. "तू म्हणलास इंजिन मेलंय. मग कागदाचं काय करायचं?"

आणि मग वहिनी बोलल्या. पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटी करेल अशी बाई, आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दारातनं आलं त्ये पोराला फोन लावला ह्यांनी. म्हणालं, मिस्त्री चुकत न्हाई. तू मेलेली गाडी बापाच्या दारात लावून गेलास आणि तुझ्यापायी मी दोस्ताच्या पोरीला फसवायला निघालतो. पोरगं शपथा घेत होतं, बाबा गाडी चांगली हाय, एकदा दुसरीकडं दावा. ह्यांनी फोन आपटला. घेणाऱ्यालाबी सांगितलं, इंजिन गेलंय, मिस्त्रींनी बघितलंय, भंगारचा भाव द्या. तीन महिनं झालं, बाप-लेकाचं बोलणं न्हाय. दिवाळीला पोरगं आईशी बोललं आणि फोन ठिवला."

मी त्याला चोर म्हणालो होतो आणि तो घरी येऊन स्वतःच्या मुलाला चोर म्हणाला होता. माझ्या शब्दावर. मी त्याच्या शब्दावर पाच मिनिटं थांबलो नव्हतो.

त्यानं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले, मोबाइल घेतला आणि मुलाला फोन लावला. वाजायला लागल्यावर तो माझ्या हातात दिला. म्हणाला, "ह्ये आता तूच सांग."

त्या मुलाला गाडी चालवायला मी शिकवलं होतं. क्लच सोडताना चुकला की मी त्याच्यावर किती ओरडायचो. पलीकडून तो म्हणाला, "बाबा?" त्या एका शब्दात किती घाई होती ते मी सांगू शकत नाही.

"बाबा न्हाईत. मी मिस्त्री काका," मी म्हणालो. "गाडी चांगली होती. तू खरं बोललास. मी चुकलो."

मग तो म्हणाला, "काका, मी बाबांना शंभरदा सांगितलं. ते म्हणाले, काका चुकणार नाहीत." मग थोडं थांबून, "बाबा आहेत तिथं?"

मी फोन दोस्ताला दिला. त्यानं तो कानाला लावला. भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "जेवलास काय?"

तिकडं दुपार होती. मुलगा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. दोस्त "हं, हं" करत परसात गेला. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी पाटावर बसलो आणि काय करायचं ते न कळून सुपातल्या शेंगा फोडायला लागलो. अर्धं सूप झालं तेव्हा तो परत आला. माझ्यासमोर बसला. डोळे पुसलेले होते, तो पुसलेले नाहीत असं दाखवत होता. बराच वेळ आम्ही दोघं शेंगा फोडत होतो. मला वाटलं, आता विचारेल, चारचौघांत मला तसं का बोललास.

त्यानं ते विचारलं नाही. खाली बघतच म्हणाला, "पोरगी अजून स्कूटरवरच जाती काय?"

मी म्हणालो, "व्हय."